रेडिएटरमधील पाणी जाते कोठे? ट्रॅक्टरच्या लहान गळतीचा शोध

ट्रॅक्टर बाळगणारे शेतकरी आता यंत्राच्या देखभालीविषयी बरेच जागरूक झाले आहेत. इंजिनचे तेल ठरलेल्या तासांनी बदलणे, हवेची गाळणी साफ करणे, चाकांतील हवा पाहणे ह्या गोष्टी बहुतेकांच्या अंगवळणी पडल्या आहेत. परंतु रेडिएटरमधील पाणी रोज थोडे थोडे कमी होत असेल, तर मात्र "तांब्याभर पाणी घातले की झाले" एवढ्यावर तो विषय संपतो. वास्तविक रोज पाणी घालावे लागणे हा देखभालीचा भाग नसून ते बिघाडाचे लक्षण होय. मोठी गळती कोणाच्याही डोळ्यांना दिसते व ती लगेच दुरुस्त होते. लहान गळती दिसत नाही, म्हणून ती टिकून राहते आणि शेवटी मोठ्या गळतीपेक्षा अधिक नुकसान करते. तिचा शोध कसा घ्यावा, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२०२३ साली जून महिन्यात पाऊस लांबला होता. तो येताच पेरणीची एकच घाई उडेल हे सर्वजण जाणून होते. त्या दिवसांत एका गावी गेलो असता एका वयस्क शेतकऱ्यांनी आपला ट्रॅक्टर दाखविला. "साहेब, पाणी जाते कोठे तेच कळत नाही. खाली थेंब नाही, आणि रोज अर्धा लिटर घालावे लागते," अशी त्यांची तक्रार होती. तालुक्याच्या ठिकाणी एका मिस्त्रीने रेडिएटरचा संशय घेऊन तो काढविला व डाग देऊन पुन्हा बसविला होता. त्यात चार दिवस आणि बरेच पैसे गेले; पाणी मात्र पूर्वीइतकेच जात राहिले. आता इंजिन उघडावे असा सल्ला त्यांना मिळाला होता. ऐन पेरणीच्या तोंडावर इंजिन उघडणे म्हणजे काय, हे ट्रॅक्टर बाळगणाऱ्यास सांगावयास नको. त्या ट्रॅक्टरचे पुढे काय झाले ते ओघाने येईलच.

पाणी दाबाखाली का असते?

इंजिनात डिझेल जळून निर्माण होणाऱ्या उष्णतेचा बराच मोठा भाग पाण्यावाटे बाहेर टाकावा लागतो. वॉटर पंप हे पाणी इंजिनच्या ब्लॉकमधून व सिलिंडर हेडमधून फिरवितो. तेथे तापलेले पाणी वरच्या रबरी नळीने रेडिएटरमध्ये येते, बारीक नळ्यांतून खाली उतरताना पंख्याच्या हवेने निवते आणि खालच्या नळीने पुन्हा इंजिनकडे जाते. १९१७ साली अमेरिकेत निघालेल्या फोर्डसन ट्रॅक्टरात असा पंपच नव्हता. तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वर चढे व निवलेले खाली उतरे. अशा यंत्रात वरचेवर पाणी घालणे हा नित्याचाच भाग होता. आजच्या ट्रॅक्टरची व्यवस्था निराळी आहे. ती बंद असते आणि दाबाखाली चालते.

हा दाब रेडिएटरच्या टोपणाने राखला जातो. दख्खनच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर, उघड्या भांड्यातील पाणी ९८ अंश सेल्सियसच्या आसपास उकळते. दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलोग्रॅम दाब राखणारे टोपण बसविले, तर तेच पाणी सुमारे ११० अंशांपर्यंत उकळत नाही. नांगरणीसारख्या जड कामात हा फरक मोलाचा ठरतो. जेथे गळती असते तेथून पाण्याबरोबर हा दाबही जातो. मग पाणी लवकर उकळू लागते व वाफेच्या रूपाने अधिकच कमी होते.

लहान गळतीचा हिशेब

साधारणतः वीस थेंबांचे एक मिलिलिटर होते. दर तीन सेकंदांस एक थेंब गळत असेल, तर मिनिटास एक मिलिलिटर, तासास ६० मिलिलिटर आणि आठ तासांच्या कामात जवळजवळ अर्धा लिटर पाणी जाते. तापलेल्या इंजिनावर पडणारा एवढासा थेंब जमिनीपर्यंत पोहोचतच नाही; वाटेतच त्याची वाफ होते. "खाली थेंब नाही" ह्या तक्रारीचे उत्तर पुष्कळदा येथेच असते.

दुसरा हिशेब ह्याहून महत्त्वाचा आहे. रेडिएटरमध्ये नुसते पाणी नसते, तर पाण्यात मिसळलेला कूलंट असतो. तो केवळ थंड प्रदेशात पाणी गोठू नये म्हणून घालतात असा पुष्कळांचा समज आहे. आपल्याकडे त्याचे मुख्य काम निराळे आहे. तो उकळण्याचा अंश वाढवितो आणि त्यातील रसायने लोखंड, ॲल्युमिनियम व डाग दिलेले सांधे ह्यांना गंजापासून वाचवितात. समजा, व्यवस्थेत १० लिटर मिश्रण आहे, त्यातील अर्धा लिटर रोज गळते आणि तेवढेच साधे पाणी आपण रोज भरतो. पाण्याची पातळी दररोज बरोबर दिसेल. परंतु सुमारे दोन आठवड्यांत निम्मा कूलंट निघून गेलेला असेल. विहिरीचे पाणी जड असेल तर त्यातील क्षार इंजिनच्या आतील भिंतींवर जमून उष्णता अडवितात. लायनरच्या बाहेरच्या अंगास पाणी लागते अशा इंजिनांत लायनरच्या कंपनाने सूक्ष्म बुडबुडे उत्पन्न होतात व फुटतात. कूलंटचे संरक्षण नसेल तर त्यांच्या आघातांनी लायनरला बारीक खड्डे पडत जातात आणि अखेरीस आरपार छिद्र होते. म्हणजे बाहेरची लहान गळती पाणी घालून झाकत राहिल्याने आतील मोठ्या गळतीची तयारी होत असते.

उष्णतामापकाच्या काट्यावरही सर्वस्वी विसंबू नये. त्याचा संवेदक पाण्यात बुडालेला असेल तरच तो खरी उष्णता दाखवितो. पाण्याची पातळी त्याच्या खाली गेली, तर इंजिन भाजत असतानाही काटा खालीच राहू शकतो.

प्रथम गळती आहे काय ते ठरवावे

शोधास लागण्यापूर्वी पाणी खरोखर गळते की अन्य मार्गाने जाते, हे पाहिले पाहिजे. पाणी २० अंशांपासून ९५ अंशांपर्यंत तापले की त्याचे आकारमान शेकडा सुमारे चारने वाढते. दहा लिटर पाण्याचे हे वाढीव माप चारशे मिलिलिटरच्या जवळपास होते. ज्या ट्रॅक्टरला जादा पाण्याची बाटली नाही, त्याचा रेडिएटर गळ्यापर्यंत काठोकाठ भरला तर एवढे पाणी वाहून जाण्याच्या नळीने बाहेर पडणारच. दुसऱ्या दिवशी पातळी कमी दिसते, आपण पुन्हा काठोकाठ भरतो आणि ते पुन्हा बाहेर पडते. ही गळती नव्हे. अशा वेळी पुस्तिकेत सांगितलेल्या पातळीइतकेच पाणी ठेवून तीन दिवस निरीक्षण करावे. बाटली असल्यास तिच्यावर खूण करावी. रोज सकाळी, इंजिन थंड असताना, पातळी आणि तासमापकावरील आकडा वहीत टिपून ठेवावा. पातळी एका ठिकाणी येऊन स्थिरावली तर गळती नाही; ती सारखी उतरतच गेली तर गळती आहे असे समजावे.

त्यानंतर टोपण तपासावे. त्याची रबरी चकती कडक झाली असेल किंवा तिला चीर असेल, तर दाब राहत नाही. टोपणात एक लहान उलटी झडपही असते. इंजिन निवताना ती उघडून बाटलीतील पाणी परत आत घेते. ती अडकली तर इंजिन निवल्यावर वरची रबरी नळी चपटी झालेली दिसते. टोपण बदलावयाचे झाल्यास जुन्यावर जो दाबाचा आकडा कोरलेला असेल त्याच आकड्याचे घ्यावे. रेडिएटरची जाळी भुसा व धूळ ह्यांनी भरली असेल तर पाणी उकळूनही बाहेर जाते. म्हणून तीही साफ करून घ्यावी.

थंड इंजिनाची पाहणी

बहुतेक लोक इंजिन तापल्यावर गळती शोधावयास जातात. वास्तविक पहिली पाहणी सकाळी, रात्रभर उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरची करावी. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून ब्रेक लावावा, चाकांस लाकडी ठोकळे द्यावेत आणि इंजिनखाली स्वच्छ पुठ्ठा अंथरून ठेवावा. मातीवर पडलेला थेंब जिरतो. पुठ्ठ्यावर तो डाग सोडतो. पुठ्ठ्याची जागा हलू न देता, डागाच्या सरळ वर काय आहे ते पाहावे.

ह्या पाहणीत पाण्यापेक्षा पाण्याची खूण शोधावयाची असते. कूलंट वाळला की त्याच्या रंगाचा हिरवा, निळा वा तांबूस पापुद्रा मागे राहतो. जड पाणी पांढरा थर सोडते. गंज तपकिरी ओघळ उमटवितो. धुळीने माखलेल्या इंजिनावर एखादीच रेघ ओलसर वा स्वच्छ दिसत असेल, तर तीही खूणच समजावी. पाणी खाली वाहते, आणि बहुतेक ट्रॅक्टरांत पंख्याची हवा त्यास मागे ढकलते. यास्तव जेथे ओल दिसते तेथे गळती असेलच असे नाही. ओलीच्या सर्वांत वरच्या व सर्वांत पुढच्या टोकाशी मूळ शोधावे. इंजिन आधी धुऊन व सुकवून घेतल्यास नवी खूण स्पष्ट दिसते. संशयित सांध्यावर साधी टाल्कम पावडर भुरभुरली, तर अगदी बारीक ओघळही तिच्यात उमटतो.

शोध सोप्या व स्वस्त जागेपासून कठीण जागेकडे, पुढील क्रमाने न्यावा.

१. रबरी नळ्या व त्यांच्या क्लिपा : नळीच्या दोन्ही टोकांशी, विशेषतः क्लिपेच्या खालच्या अंगास, बोट फिरवून पाहावे. नळी फुगलेली, चिरलेली वा मऊ पडलेली असल्यास बदलावी.

२. रेडिएटर : वरची व खालची टाकी जेथे जाळीस जोडलेली असते ते सांधे, पाणी सोडण्याचा कॉक आणि जाळीवरील रंगीत डाग पाहावेत.

३. वॉटर पंप : पंपाच्या दांड्याखाली एक लहान छिद्र असते. आतील सील निकामी झाले की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता ह्या छिद्रातून बाहेर पडते. तेथे किंचित वाळलेला डाग असणे चिंतेचे नाही. थेंब गळत असल्यास मात्र पंपाची दुरुस्ती हवी. हे छिद्र कधीही बुजवू नये.

४. थर्मोस्टॅटचे घर आणि पंपाचे पॅकिंग : जोडाच्या कडेने पापुद्रा दिसतो काय ते पाहावे.

५. ब्लॉकच्या बाजूस ठोकून बसविलेल्या, वाटीच्या आकाराच्या पत्र्याच्या टोप्या : ह्या आतून गंजत येतात. स्टार्टर किंवा पंप ह्यांच्या आड असलेल्या टोप्या पाहण्यासाठी लहान आरसा व विजेरी उपयोगी पडते.

६. सिलिंडर हेड व ब्लॉक ह्यांमधील जोड : येथे बाहेरून ओल दिसल्यास हेड गॅस्केटचा संशय घ्यावा.

आरंभी उल्लेखिलेल्या ट्रॅक्टरची गळती पहिल्याच क्रमांकावर सापडली. संध्याकाळी खाली पुठ्ठा अंथरला. सकाळी त्यावर तळहाताएवढा डाग होता आणि त्याच्या वर खालच्या रबरी नळीची क्लिप होती. दिवसा इंजिन तापले की रबर फुगून क्लिपेखाली घट्ट बसे; रात्री निवताना ते आकसे व तेथून पाणी ठिबके. सकाळपर्यंत ते मातीत जिरून जाई. नळी काढून पाहता क्लिपेखाली रबराला चीर पडली होती. मिस्त्रीने व धन्यांनी जेव्हा जेव्हा पाहिले तेव्हा इंजिन तापलेले होते, आणि त्या वेळी ही गळती बंद असे. नवी नळी आणि दोन क्लिपा एवढ्या खर्चात काम भागले. जुने पातळ झालेले मिश्रण काढून नवा कूलंट भरला. पाऊस आला त्या दिवशी ट्रॅक्टर शेतात होता.

तापलेल्या इंजिनाची पाहणी

काही गळती ह्याच्या उलट, केवळ दाब वाढल्यावरच उघडते. तिच्यासाठी इंजिन चालवून व तापवून पाहावे; मात्र उपरणे, धोतराचा सोगा वा ओढणी पंख्याजवळ येऊ देऊ नये आणि आत हात घालण्यापूर्वी इंजिन बंद करावे. इंजिन बंद केल्यावर काही मिनिटे थांबून पाहिल्यास वाफेचा बारीक फवारा किंवा नुकतेच वाळू लागलेले थेंब दिसतात.

ह्याहून सुरक्षित व खात्रीचा मार्ग म्हणजे दाबाची चाचणी होय. ह्यासाठी दाबमापक जोडलेला लहानसा हातपंप मिळतो. इंजिन थंड असताना टोपण काढून तो रेडिएटरच्या तोंडावर बसवावा आणि टोपणावर कोरलेल्या आकड्याइतका दाब द्यावा. त्याहून अधिक मुळीच देऊ नये. दहा-पंधरा मिनिटांत काटा खाली आला नाही, तर निदान थंड स्थितीत तरी गळती नाही. काटा उतरला व कोठेतरी थेंब दिसला, तर जागा सापडली. काटा उतरूनही बाहेर कोठेच ओल नसेल, तर पाणी इंजिनच्या आत जात असण्याचा संभव असतो. पाण्यात विशिष्ट रंग मिसळून जांभळ्या प्रकाशाच्या दिव्याखाली तो चमकताना पाहण्याची पद्धतीही आता कार्यशाळांतून वापरतात.

आतील गळतीची लक्षणे

बाहेरच्या सर्व जागा कोरड्या आहेत अशी खात्री झाल्यावरच आतील गळतीचा विचार करावा. तिची लक्षणे पुढीलप्रमाणे होत.

इंजिनच्या तेलाची पट्टी काढून पाहिल्यास तेल ताकासारखे दुधाळ दिसते किंवा त्याची पातळी वाढलेली असते. ट्रॅक्टर रात्रभर उभा ठेवून सकाळी तेलाच्या चेंबरचा बूच किंचित सैल केल्यास, तेलाहून जड असलेले पाणी प्रथम बाहेर येते. असे आढळल्यास इंजिन सुरूच करू नये, कारण पाणी मिसळलेले तेल बेअरिंगांचे रक्षण करू शकत नाही.

इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरी, गोडसर वासाची वाफ येत राहिली, तर पाणी सिलिंडरमध्ये जात आहे असे समजावे. थंड इंजिनाचे टोपण काढून ते थोडा वेळ मंद गतीने चालविले असता पाण्यात सारखे बुडबुडे येत राहिले, किंवा थंड इंजिन सुरू करताच एक-दोन मिनिटांत वरची नळी दगडासारखी कडक झाली, तर हेड गॅस्केटमधून जळलेला वायू पाण्यात शिरत आहे. हे काम जाणत्या मिस्त्रीकडेच द्यावे. मात्र वहीतील नोंद आणि केलेल्या चाचण्या त्याला सांगाव्यात, म्हणजे त्याचा वेळ व आपला पैसा वाचतो.

काय करू नये

तापलेल्या रेडिएटरचे टोपण उघडू नये. दाब सुटताच पाणी एकदम उकळून उसळते व चेहरा आणि हात भाजतात. इंजिन पुरते निवेपर्यंत थांबावे. पाणी संपलेल्या, तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नये. ओतीव लोखंडाचे हेड तडकण्याची भीती असते.

गळती बुजविण्यासाठी हळद किंवा तत्सम पूड रेडिएटरमध्ये घालण्याची रीत वाहनचालकांत रूढ आहे. पूड जशी छिद्रात अडकते, तशीच ती रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही अडकते. वाटेत अडकलेले वाहन घरी आणण्यापुरता तो उपाय असेल. तो दुरुस्तीची जागा घेऊ शकत नाही. निरनिराळ्या प्रकारचे कूलंट एकमेकांत मिसळू नयेत. पातळी भरून काढावयाची झाल्यास, पूर्वीच्याच कूलंटचे त्याच प्रमाणातील मिश्रण घालावे, आणि ते करताना बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी वापरावे.

आणखी एका गोष्टीकडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते. बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल हे द्रव्य असते. ते चवीला गोड, परंतु विषारी आहे. गोठ्याजवळ उभ्या असलेल्या ट्रॅक्टरखाली साचलेले किंवा उघड्या घमेल्यात काढून ठेवलेले मिश्रण वासरू, शेळी वा कुत्रे चाटते आणि त्याच्या जिवावर बेतते. लहान मुलांनाही तोच धोका आहे. काढलेले मिश्रण झाकणाच्या डब्यात ठेवावे, डब्यावर ठळक खूण करावी आणि ते ओढ्यात वा विहिरीजवळ कदापि ओतू नये.

सारांश, गळती लहान आहे म्हणून तिचा शोध कठीण असला तरी त्यास फार साधने लागत नाहीत. एक वही, एक पुठ्ठा, आरसा, विजेरी आणि क्रम न सोडण्याचा निश्चय एवढे बहुधा पुरते. एकदा थंड व एकदा तापलेले इंजिन पाहावे. बाहेरच्या जागा संपल्याशिवाय इंजिन उघडू देऊ नये. आणि दुरुस्तीनंतरही आठवडाभर पातळीची नोंद चालू ठेवावी. पेरणीस अजून अवकाश असतानाच हे काम उरकून घ्यावे. वाफसा आलेली जमीन ट्रॅक्टरसाठी थांबत नाही.